दोराची निशाणी

खळ शिजत असताना खांबेटे सर कुणाला बोलू देत नसत. एक गुठळी झाली की कागदाचं वाटोळं, असं त्यांचं म्हणणं. मंडळाच्या मागच्या खोलीत स्टोव्हवर पितळेचं पातेलं, पातेल्यात मैदा आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि सत्तरी उलटलेले सर धोतर खोचून उकिडवे बसलेले, उलथन्यानं एकाच दिशेला ढवळत. टेबलावर गावचे पाटील आबासाहेब मोहोळकर यांच्या घराण्याची वंशावळ पालथी पसरली होती. नकाशासारखी, वर दांडी, खाली दांडी. मधोमध फाटली होती आणि रविवारच्या आत तिला मागून पट्टी लावायची होती.

"नवा कागद नको," पातेलं उतरवल्यावर सर बोलले. "नवा कागद जुन्याला ओढतो, मग सुरकुत्या पडतात. जुन्याला जुनाच लागतो. विमल, कपाटात कोरा जुना कागद आहे का बघ."

मी कपाट धुंडाळत होते, तेवढ्यात दारातून हाक आली.

"बाई, आत आलो तर चालंल का?"

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. मी एकतीस वर्षांची होते आणि कुसूरपेठ इतिहास संशोधक मंडळात ग्रंथपाल म्हणून लागून मला चार वर्षं झाली होती. अजून कायम झाले नव्हते. मोडी मला सरांनी शिकवली, नोकरीही सरांनीच लावली. त्यांच्याबद्दल कुणी वावगं बोललं तर मी भांडायला उठत असे.

दारात केरबा अवघडे उभे होते. त्यांनी आमच्या गावात बत्तीस वर्षं पत्रं वाटली होती, त्यामुळे सगळ्यांची दारं त्यांना ठाऊक होती, उंबऱ्यापर्यंत. निवृत्त झाल्यापासून मंडळाचं एकही व्याख्यान त्यांनी चुकवलं नव्हतं. शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसायचे आणि जुनी पाकिटं उसवून त्यांच्या पाठीवर टिपणं घ्यायचे. पहिल्या रांगेतले आमचे आजीव सभासद घोरत असायचे, तेव्हा हा माणूस लिहीत असायचा. सभासदत्वासाठी त्यांनी चार वर्षांत चार अर्ज केले होते. चारही अर्जांवर एकच शेरा होता, 'पुढील बैठकीत विचारार्थ'. तो शेरा माझ्या अक्षरातला होता. अवघडे दोरआळीतले, मातंग समाजाचे. याचा शेऱ्याशी काही संबंध आहे असं मंडळात कुणी कधी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

"या की," मी म्हटलं.

ते उंबऱ्याच्या आत एक पाऊल येऊन थांबले. हातात पत्र्याची लांब नळी होती. "खांबेटे सर मागं म्हणाले व्हते, अर्जासोबत घराण्याचा काही कागद असंल तर वजन पडंल. ह्यो आमच्यात पिढ्यानपिढ्या हाय. कुणाला वाचता येत न्हाई. दसऱ्याला पूजा करतो, एवढंच."

नळीतून त्यांनी कागद काढला आणि मी तो उजेडात धरला. हातकागद, जाड, वरच्या कोपऱ्यात दिव्यानं जळून पडलेलं भोक, आणि काळीभोर मोडी. महजर होता. महजर म्हणजे चारचौघांच्या साक्षीनं झालेला गावचा निवाडा. खाली साक्षीदारांच्या निशाण्या होत्या. ज्यांना लिहिता येत नसे ते आपापल्या धंद्याचं हत्यार काढत. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, वाण्याची तागडी, आणि सगळ्यात शेवटी, वेटोळं घातलेला एक दोर. दोरावर हळदकुंकवाचा जाड थर होता. शेकडो दसऱ्यांची हळद कागदात मुरून पार मागे उतरली होती.

मी उभ्या उभ्या वाचू लागले. शके सोळाशे ऐंशी. दुष्काळाचं साल. मोहोळकर पाटलांनी धान्य देऊन गावची बारव खोदवली. हे आम्हाला नुसतं ऐकून माहीत होतं, कागद कधी मिळाला नव्हता. खांबेटे सर पातेलं सोडून माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले. शेवटच्या तीन ओळींवर मी आले आणि आवाज जरा खाली गेला.

"'दोरवाले मांग यांणी बारवेचे मोटेस नाडा व सोल विनामोल पुरवावा. त्याबद्दल त्यांणी व त्यांचे लेकराचे लेकरी बारवेचे तिसरे पायरीस उतरोन पाणी भरावे. कोणे मना करू नये.'"

अवघडे कागदाजवळ आले. मग म्हणाले, "तेवढंच परत वाचा, बाई."

मी परत वाचलं. नाडा आणि सोल, म्हणजे मोट ओढायचे दोर.

"आमची आई," ते म्हणाले, "नळ येईस्तवर बारवेच्या वरच्या कठड्यापाशी घागर घिऊन उभी राहायची. कुणी वतलं तर वतलं. सांजच्यापातूर उभी राहायची." त्यांनी बोट दोराजवळ नेलं, पण टेकवलं नाही. "म्हंजी ती मागत न्हवती. तिचंच व्हतं."

"तुमचंच होतं," मी म्हटलं.

"रविवारी तिला घिऊन येतो. नव्वदीची हाय. तिला अक्षर कळत न्हाई, पण ह्यो दोर कळतोय. सगळ्या कागदात तिला तेवढंच वाचता येतं."

खांबेटे सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला अजून आठवतं, कारण मला फार बरं वाटलं होतं. "अवघडे, अहो असा कागद दिलात, आता तुमचा अर्ज कोण अडवतो? सूचक म्हणून मीच सही करतो. अनुमोदन रविवारच्या वार्षिक सभेत उभं राहून द्यायचं असतं. ते विमल देईल. काय गं?"

"देईन की," मी म्हणाले. आणि मी मनापासून म्हणाले.

रविवारी मंडळाचा वर्धापनदिन होता. सकाळी प्रदर्शनाचं उद्घाटन, मग पंगत, चार वाजता वार्षिक सभा. शनिवारी मी फ्रेम पुसत होते, तेव्हा सर महजर घेऊन आले.

"हा मधोमध लावायचा. पण फ्रेमला लांब होतो. खालचा भाग मागे दुमडून घे."

"सर, खाली तर निशाण्या आहेत. आणि त्या तीन ओळी."

"माहीत आहेत मला." सरांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. "उद्या उद्घाटन आबासाहेब करणार. बारव आपल्या पूर्वजांनी बांधली, हे ते सांगणार. ते खोटं आहे का? नाही ना? मग तीन ओळींसाठी त्या दिवसाला गालबोट कशाला? विमल, इतिहास सगळा एकदम सांगायचा नसतो. माणसं तयार व्हावी लागतात. मंडळाच्या पुढच्या अंकात आपण पूर्ण छापू की, टीपांसह."

किती गोड बोलायचा हा माणूस! आवाज कधी चढला नाही. मी घडी दाबायची हाडाची पट्टी घेतली, तीन ओळींच्या वर घडी धरली आणि दाबून फिरवली. एवढा जुना कागद, घडी घालताना बारीक कुरकुरला. कुणी माझा हात धरला नव्हता. कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि पंगतीच्या याद्या करायला बसले.

रविवारी मंडपात सनईची कॅसेट लावली होती. आबासाहेब रेशमी फेट्यात आले, गालात तंबाखूची गोळी. बोलण्याआधी ते मंडपाच्या कडेला जाऊन पचकन थुंकले आणि मग अर्धा तास आपल्या घराण्याच्या दातृत्वावर बोलले. फ्रेमखाली सरांनी महजराचा मजकूर बाळबोधीत लिहिलेलं कार्ड लावलं होतं. काय अक्षर! मोत्यासारखं. तीन ओळी आधी ते संपत होतं आणि शेवटी पूर्णविराम होता. दिवाणखान्यात ज्या भिंतीवर महजर, तिच्याच शेजारच्या भिंतीवर दुरुस्त केलेली वंशावळ. लोक एकदा इकडे बघत, एकदा तिकडे, आणि आबासाहेबांना नमस्कार करत. मसालेभाताच्या वासात खळीचा आंबूस वास मिसळला होता. तो वास मला आजही सोसत नाही.

साडेअकराच्या सुमारास अवघडे आईला घेऊन आले. चंद्राबाई अवघडे. नवं लुगडं, कपाळावर गोंदण, पाठीतून पार वाकलेली. पायऱ्या चढताना मुलानं हात दिला तर म्हणाली, "मला येतंय." आत पाऊल टाकण्याआधी तिनं चपला काढून दाराबाहेर ठेवल्या. बाकी सगळे घालूनच हिंडत होते.

फ्रेमपुढे ती काचेला नाक टेकेल इतक्या जवळ गेली.

"दोर कुठं हाय?"

"खाली बघ, आई."

"खाली लाकूड हाय." तिनं काचेवरून बोट फिरवलं, फ्रेमच्या कडेपर्यंत. पुन्हा वर, पुन्हा खाली. "हळद बी न्हाई. केरबा, मी लगीन होऊन आल्यापास्नं ह्या हातानं हळद लावलीया. ह्यो आपला कागद न्हवं."

अवघडे कागदाकडे पाहत होते. वरच्या कोपऱ्यातलं जळकं भोक त्यांना दिसत होतं. ते मलाही दिसत होतं. मग ते वळले.

"बाई, ह्योच ना?"

चार पावलांवर आबासाहेब मामलेदारांशी बोलत उभे होते. बोलता बोलता थांबून ते आमच्याकडे बघायला लागले होते. खांबेटे सर सरबताचे पेले वाटत होते आणि मुद्दाम पाठ करून उभे होते.

"नाही, आजी," मी म्हणाले. "हा दुसरा कागद आहे. तुमचा आत कपाटात आहे. जपून ठेवलाय."

"मंग आत नेऊन दाव की, लेकी. एवढ्या लांबनं आली मी."

"आज कपाटाला कुलूप आहे. किल्ली सरांकडे."

किल्ली माझ्या कमरेला होती. अख्खा जुडगा लोंबत होता. अवघड्यांनी तो पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. पोस्टमनच्या नोकरीत माणसांच्या तोंडावरून पत्रातला मजकूर ओळखायची सवय होत असावी. 

"चल, आई. बाई म्हणत्यात कुलूप हाय."

"असू दे," म्हातारी म्हणाली. "जपून ठिवलाय न्हवं? झालं तर." आणि तिनं दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा वाजली. मला त्या वेळी तिचा राग आला. खरंच आला. कशाला दृष्ट काढते ही माझी, असं झालं.

तिला जेवायला थांबा म्हणून कुणी म्हटलं नाही. मीही नाही. मुलानं तिला घरी सोडलं आणि चार वाजता तो परत आला.

सभेला पन्नासेक माणसं असतील. जेवणं अंगावर आलेली, ढेकरा चाललेल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर मी इतिवृत्त लिहायला बसले होते. अहवाल झाला, सहलीचा विषय झाला, पुढच्या वर्षीच्या व्याख्यात्यांची नावं झाली. मग सरांनी नवीन सभासदांचे अर्ज घेतले. डॉक्टर, वकील, आबासाहेबांचा जावई. नाव उच्चारलं की कुणीतरी अर्धवट उठून 'अनुमोदन' म्हणे आणि खाली बसे.

"श्री. केरबा लक्ष्मण अवघडे, निवृत्त पोस्टमन," सरांनी वाचलं. "सूचक, मी स्वतः." आणि हसून सभेकडे पाहिलं. "अनुमोदन?"

शेवटच्या बाकावर अवघडे ताठ बसले होते. पांढरा सदरा, इस्त्रीचा. माझ्याकडे बघत नव्हते, समोर बघत होते.

मला उठायचं होतं. एक शब्द बोलायचा होता. आबासाहेबांची भीती वाटली का? थोडी. नोकरीची वाटली का? थोडी. पण खरं कारण ते नव्हतं. सकाळी ज्याच्या तोंडावर मी खोटं बोलले होते त्याच्या बाजूनं दुपारी उभं राहायचं, तर त्याच्याकडे बघावं लागणार होतं. ते मला नको होतं. मी वहीत समास आखू लागले.

"अनुमोदन?" सरांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही विचारलं. फार सज्जनपणे, प्रत्येक वेळी पुरेसं थांबून. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी उठणार नाही हे त्यांना आधीपासून माहीत होतं. माझ्यापेक्षा त्यांना मी जास्त कळले होते.

"वाईट वाटतं," सर म्हणाले. "अनुमोदनाअभावी अर्ज निकाली काढावा लागतो."

ते वाक्य मी इतिवृत्तात लिहिलं. शुद्ध, सुवाच्य. खाली रेघ मारली.

गुरुवारी दुपारी अवघडे आले. वाचनालय रिकामं होतं. या वेळी ते उंबऱ्याच्या आतसुद्धा आले नाहीत, व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्यांनी निरोप पाठवावा तसं सांगितलं.

"बाई, आमचा कागद न्यायला आलोय. सभासदच न्हाई, तर कागद कशाला? तुमी म्हणाला व्हता कपाटात हाय."

तुम्ही म्हणाला होता. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. मी "आणते" म्हणून आत गेले आणि ठरवलं की आता फ्रेम उघडायची, घडी सोडायची आणि कागद त्यांच्या हातात द्यायचा. नंतर सरांना काय सांगायचं ते सांगू. खिळे उपसले, पाठीचा पुठ्ठा काढला.

घडी नव्हती. तीन ओळींच्या वर, मी जिथे हाडाची पट्टी फिरवली होती तिथेच, कागद कापलेला होता. पट्टी धरून, धारदार सुरीनं, अगदी सरळ रेषेत.

खांबेटे सर मागच्या खोलीत अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. मी कागद तसाच त्यांच्यापुढे धरला.

"सर, हे काय?"

"ते होय," ते म्हणाले. "अगं, घडीमुळे कागद काचेखाली फुगायला लागला. मध्ये उंच, कडेला खाली. घडीवर तो नाहीतरी तुटलाच असता चार महिन्यांत. म्हणून मग कापला."

"खालचा तुकडा कुठे आहे?"

"वाया नाही घालवला." त्यांना माझा प्रश्न जरा लागला. आयुष्यात कागदाचा कपटासुद्धा टाकला नाही, असा त्यांचा लौकिक होता. "इतका चिवट हातकागद हल्ली मिळतो कुठे? त्या दिवशी आपण जुना कागद शोधत नव्हतो का? अगदी मापाचा निघाला." आणि अडकित्ता दरवाजाबाहेर रोखून त्यांनी दिवाणखान्यातल्या भिंतीकडे दाखवलं. "बघ जाऊन. एक सुरकुती नाही."

वंशावळ. त्यांनी दोर वंशावळीला मागून चिकटवला होता. नांगर, वाकस, तागडी, दोर आणि तीन ओळी, लिहिलेली बाजू आत करून, मोरचूद घातलेल्या खळीनं. आणि आता ते माझ्याकडे बघत होते, मी शाबास म्हणेन म्हणून. गालात सुपारी फिरत होती.

   मी खुर्ची घेऊन वंशावळ भिंतीवरून काढली आणि दांडीला गुंडाळून व्हरांड्यात नेली. सर मागून "अगं, अगं" करत राहिले, पण उठले नाहीत.

अवघड्यांना मी सगळं सांगितलं. घडी माझी, काप सरांचा, हे वेगळं करून सांगितलं. असली वेगवेगळी वाटणी करायची अक्कल मला त्या वेळीसुद्धा होती. ते ऐकत होते. मग वंशावळ उलटी करून त्यांनी मागची पट्टी पाहिली. तिच्या एका टोकाला फिकट पिवळा डाग होता.

"हळद," ते म्हणाले.

ते उठले, व्हरांड्याच्या कडेला गेले आणि दोन्ही हातांनी वंशावळ उन्हात धरली. मी मागे उभी राहून पाहिलं. मोहोळकरांच्या नावांच्या मधून निशाण्या दिसत होत्या, अंधूक. यशवंतराव आणि त्यांचे तीन पुत्र यांच्यामध्ये दोराचं वेटोळं आलं होतं. स्पष्ट दिसत होतं. अवघडे किती तरी वेळ हात वर धरून उभे राहिले. साठीचा माणूस, हात भरून आले असतील.

"ही घेऊन जा तुम्ही," मी म्हणाले. "तुमचीच आहे. मी बघते इकडचं."

त्यांनी मान वळवली. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला.

"मी? मी ही घिऊन बाजारपेठेतनं जाऊ? बाई, तुमी नेली तर दुरुस्तीला नेली म्हंतील. मी नेली तर चोरली म्हंतील. सांजच्या आत फौजदार दारात. कळत न्हाई का तुमाला?"

कळत नव्हतं. म्हणजे, मला माझं मन मोकळं करायचं होतं, त्यापुढचं मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी वंशावळ नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. "एक करा. तुमी घिऊन चला. आमच्या घरला. आईला उन्हात धरून दावू, अन् लगेच परत आणा. अर्धा तास लागंल. काल तिनं दोनदा इचारलं, बाईंनी कुलूप काढलं का म्हनून."

दोरआळी मंडळापासून दहा मिनिटांवर होती. बाजारपेठेतून सरळ, मोहोळकरांच्या दुकानांवरून, मग बारवेला वळसा घालून. दुपारची वेळ, दुकानदार फळ्यांवर बसलेले. मी, धारपांची विमल, आबासाहेबांची वंशावळ काखेत मारून अवघड्यांच्या मागून दोरआळीत शिरते आहे, हे मला डोळ्यांपुढे दिसलं.

"आज नको," मी म्हणाले. "सर आहेत आत. उद्या आणते. उद्या नक्की."

अवघड्यांनी मान डोलावली. बत्तीस वर्षं पत्रांची वाट पाहणारी तोंडं पाहिलेला माणूस. येणार नाही ते कसं सांगायचं, हे त्यांना चांगलं ठाऊक असणार.

"बरं. उद्या," ते म्हणाले. वरचा अर्धा कागद मी त्यांना देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही. रिकामी पत्र्याची नळी मात्र मागून घेतली. ती काखेत मारून ते पायऱ्या उतरले.

उद्या मी गेले नाही. परवाही नाही. चंद्राबाई त्या चैत्रात वारल्या. अवघडे पुढे वीस वर्षं जगले, व्याख्यानाला कधी आले नाहीत. पुढच्या अंकात महजर छापून आला, कार्डावर होता तेवढाच. जूनमध्ये मी कायम झाले. मंडळात पस्तीस वर्षं काढली, सरांच्या जागी कार्यवाह झाले, आणि सभासदत्वासाठी अनुमोदन लागण्याचा नियम मीच रद्द करवून घेतला, तर त्याबद्दल लोकांनी माझं कौतुक केलं. गेल्या वर्षी माझा सत्कारही झाला. वंशावळीखालीच खुर्ची मांडली होती. पट्टी अजून पक्की आहे. सरांची खळ होती ती.

पण सत्काराच्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे तो गुरुवारच होता. अवघडे बारवेच्या वळणाला दिसेनासे होईपर्यंत मी व्हरांड्यात उभी राहिले. मग आत आले. खुर्ची ओढली, तिच्यावर चढले, वंशावळ उलगडली आणि दांडी त्याच खिळ्यावर अडकवली. खाली उतरून दोन पावलं मागे सरले आणि ती सरळ लागली आहे ना, ते पाहिलं. डावीकडे किंचित कलली होती. पुन्हा खुर्चीवर चढून मी ती नीट केली.